काजव्यांच्या गावी पाहुणे किती?

भंडारदऱ्याचा निसर्ग, अकोल्याचे ताट आणि पर्यटनाचा ताळेबंद

मे महिना संपत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या आणि हवेत दमटपणा भरला, की अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला एक विलक्षण सोहळा सुरू होतो. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरणाच्या भोवती, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल या वाड्यावस्त्यांलगतच्या झाडांवर रात्री काजव्यांची दिवाळी साजरी होते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा, उंबर अशा झाडांची पाने क्षणभर उजळतात, क्षणभर विझतात आणि ही उघडझाप एका झाडावरून दुसऱ्या झाडावर लाटेसारखी सरकत जाते. मृगाच्या पावसाने जोर धरला, की पंधरा-वीस दिवसांत सारे संपते.

हा सोहळा पाहण्यासाठी मुंबई, पुणे, नाशिककडून शनिवार-रविवारी मोटारींची रीघ लागते. काजव्यांना हवा असतो काळोख आणि त्यांना पाहायला येणारा प्रत्येकजण सोबत उजेड घेऊन येतो. भंडारदऱ्याच्या पर्यटनापुढील पेच या एका वाक्यात सांगता येईल. मात्र तो केवळ काजव्यांपुरता नाही. येथील धबधबे, येथील भाकरी, येथील पिण्याचे पाणी आणि येथील माणसांची वर्षभराची मिळकत हे सारे त्याच्याशी जोडलेले आहे.

जिल्हा एक, हवामाने दोन

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नाव कोणतेही घेतले तरी बाहेरच्या माणसाच्या मनात पहिल्यांदा उभा राहतो तो दुष्काळ. ज्वारीची शेते, चारा छावण्या, पाण्याचे टँकर आणि शिर्डी किंवा शनिशिंगणापूरला जाणारा सरळसोट रस्ता. हे चित्र खोटे नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने जिल्ह्याच्या मोठ्या भागात वर्षाकाठी सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही लहरी.

पश्चिमेच्या कड्यावर मात्र याच जिल्ह्याचे दुसरे रूप आहे. घाटघर आणि रतनवाडी येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात आणि काही वर्षी त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते याचसाठी. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणाच्या सपाटीवरून सरकत येतात, सह्याद्रीच्या भिंतीला थडकून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर रिकामे होतात. तेथून पूर्वेला जावे तसा पाऊस झपाट्याने ओसरत जातो.

राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई याच तालुक्याच्या सीमेवर आहे. त्याची उंची १,६४६ मीटर. शिवाय रतनगड, अलंग, कुलंग, मदन आणि हरिश्चंद्रगड हे दुर्गही याच रांगांत येतात. हा सगळा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. एकावर एक साचलेल्या या कठीण बेसाल्टमुळेच येथे पायऱ्यापायऱ्यांचे कडे तयार झाले. पावसाळ्यात प्रत्येक पायरीवरून पाणी कोसळते आणि पर्यटकाला जिकडे पाहावे तिकडे धबधबा दिसतो.

याच खडकाची दुसरी बाजू पर्यटकाच्या छायाचित्रात येत नाही. बेसाल्टचा थर सहजी पाणी मुरू देत नाही आणि मुरलेले धरूनही ठेवत नाही. पावसाळ्यात अंगावर धावून येणारे पाणी दिवाळीनंतर ओसरते, झरे आटतात आणि एप्रिल-मेमध्ये जिल्ह्याच्या या चेरापुंजीतील बायकांना डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करावी लागते. पावसाळी धबधबा आणि उन्हाळी टंचाई या एकाच खडकाच्या दोन करण्या होत.

देखावा कोणी घडवला?

भंडारदऱ्याचे सौंदर्य निसर्गदत्त आहे असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पर्यटक ज्या जलाशयाच्या काठी बसून सूर्यास्त पाहतो, तो माणसाने बांधलेला आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर १९१० मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. तत्कालीन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन धरण म्हणून ओळखले गेले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण त्या काळात देशातील सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. त्याची साठवणक्षमता सुमारे ११ अब्ज घनफूट, म्हणजे ११ टीएमसी आहे.

धरण बांधले गेले ते खालच्या दुष्काळी पट्ट्यासाठी. संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यापाशी प्रवरेचे पाणी कालव्यांत वळवले जाते आणि तेथून संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या भागांत पोहोचते. या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसावर सहकार. डॉ. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने लोणीजवळ प्रवरानगर येथे उभा केलेला साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना असा त्याचा लौकिक आहे. भंडारदऱ्याच्या टपरीवर हातात येणाऱ्या चहाच्या कपात जी साखर असते, तिचे मूळ अशा रीतीने समोरच्याच पाण्यात सापडते. पाणी खाली जाते, साखर होऊन वर येते.

पुढे प्रवरेवरच खाली निळवंडे धरण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ मध्ये झाले. वर घाटघरला २००८ मध्ये २५० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प कार्यान्वित झाला. विजेची मागणी कमी असताना कोकणातील खालच्या जलाशयातून पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी त्याची रचना आहे. धरणाच्या पायथ्याशी खडकावरून छत्रीसारखा पसरणारा अम्ब्रेला फॉल हासुद्धा धरणातून पाणी सोडले जाते तेव्हाच दिसतो. सुमारे १७० फूट उंचीचा रंधा धबधबा ऐन पावसाळ्यात रौद्र असतो. एरवी त्याचे रूप बरेचसे वरून किती पाणी सोडले यावर ठरते. नुसता धबधबा पाहायचा म्हणून निघणाऱ्याने धरणातील साठा आणि विसर्ग यांची माहिती आधी घ्यावी, हे म्हणूनच शहाणपणाचे.

ज्यांच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या आणि जे आज त्याच्या काठावर राहतात, त्या महादेव कोळी, ठाकर समाजाच्या वाट्याला या पाण्यातले थोडेच आले. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. डोंगर आपला, पण त्यातून निघणाऱ्या संपत्तीवर हक्क दुसऱ्याचा, ही येथील जुनी व्यथा आहे. पर्यटन ही त्या संपत्तीतील सर्वांत नवी जिन्नस.

काजवा पंधरा दिवसांचा नव्हे

काजव्यांचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा असतो, म्हणून काजवाही तेवढाच जगतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात आपण पाहतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा अंक. मादी ओलसर मातीत किंवा पालापाचोळ्यात अंडी घालते. त्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्या कित्येक महिने, काही जातींत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ, जमिनीवर आणि जमिनीखाली वाढतात. गोगलगायी, गांडुळे, मऊ अंगाचे इतर किडे हे त्यांचे खाद्य. पुढे कोश आणि त्यातून प्रौढ काजवा. प्रौढावस्थेत पुष्कळ जातींचे काजवे फारसे काही खातही नाहीत. जोडीदार शोधणे आणि पुढची पिढी मागे ठेवणे, एवढेच काम त्यांच्यापुढे उरते.

त्यासाठीच तो उजेड. काजव्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला, की प्रकाश निर्माण होतो. या क्रियेत उष्णता जवळपास निघतच नाही, म्हणून त्याला थंड प्रकाश म्हणतात. उडणारा नर ठरावीक लयीत चमकतो. पुष्कळ जातींत पानावर किंवा गवतात बसलेली मादी तो संकेत ओळखून उत्तरादाखल चमकते. प्रत्येक जातीची लय वेगळी असते. झाडभर चाललेली ती रोषणाई म्हणजे हजारो निरोपांची देवाणघेवाण होय.

आता त्या झाडावर मोटारीच्या दिव्याचा झोत पडला, तर काय होईल? मादीला नराचा संकेत दिसणार नाही, नराला मादीचे उत्तर कळणार नाही. एका रात्री असे घडले तर काही बिघडत नाही. पण हंगामच मुळी पंधरा-वीस रात्रींचा आणि त्यांतील बहुतेक शनिवार-रविवार गर्दीचे. ज्या जोड्या जुळल्या नाहीत, त्यांची अंडी पुढच्या वर्षाच्या मातीत नसतात. शिवाय छायाचित्रासाठी झाडाच्या बुंध्यापर्यंत चालत जाणाऱ्याच्या पायाखाली गवतातल्या माद्या, अंडी आणि अळ्या चिरडल्या जातात. जमिनीवर पाय देणाऱ्याला ते दिसत नाही, कारण तो वर पाहत असतो.

अधिवासाचा नाश, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके ही काजव्यांवरील तीन मोठी संकटे असल्याचे जगभरातील अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नोंदवले होते. त्याच्या पुढच्या वर्षी काजवा पर्यटनावर आलेल्या अभ्यासानुसार जगात दरवर्षी सुमारे दहा लाख लोक केवळ काजवे पाहण्यासाठी प्रवास करतात. भंडारदऱ्याची गर्दी ही त्या जागतिक ओघाचीच एक शाखा आहे.

ताटात डोंगर

अलीकडे पर्यटक केवळ डोळ्यांसाठी येत नाही, तो जिभेसाठीही येतो. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले, झणझणीत ठेचा, खुरासणीची चटणी, हुलग्याचे शेंगोळे, पावसाळ्यात खेकड्यांचा रस्सा, धरणातील मासळी आणि वाफाळता भात असे जेवण गावातील घरांत मिळू लागले आहे. येता-जाता राजूरला थांबून पेढे बांधून घेण्याचा रिवाज तर जुनाच.

हे ताट ऋतूवर चालते. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजला जातो. पाऊस सुरू झाला, की रोपे तयार होतात आणि जुलैच्या सुमारास चिखलात आवणी होते. उतारावर नागली आणि वरई, खाचरांत भात. कापणी दिवाळीच्या आसपास. दरम्यानच्या काळात रानभाज्या येतात. कुर्डू, चाई, बडदा, भोकर, करटुली यांची चव पावसाळ्यातील ठरावीक दिवसांपुरतीच. मेमध्ये काजवे पाहायला आलेल्याने करवंदे आणि जांभळे खावीत. त्याने रानभाजीचा हट्ट धरू नये, कारण ती तेव्हा उगवलेलीच नसते.

या ताटाचे मोल कळते ते बियाण्यापाशी. संकरित वाणांचा प्रसार झाला, तसे काळभात, रायभोग, जिरवेल यांसारखे स्थानिक भात आणि परसबागेतील वाल, घेवड्यांची गावरान वाणे मागे पडली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी ही वाणे घरोघरी शोधून जतन केली, वाढवली आणि इतर शेतकऱ्यांना दिली. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी शेतकरी महिलेच्या कामाला बाएफ संस्थेची साथ मिळाली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 'बीजमाता' हे त्यांचे बिरुद आता सर्वतोमुखी आहे.

पर्यटनाशी याचा संबंध थेट आहे. काळभाताला खाचरात संकरित भाताइतका उतारा पडत नाही. मग शेतकऱ्याने तो का लावावा? त्याचा सुवास ओळखून चार पैसे अधिक देणारा गिऱ्हाईक असेल, तरच. गावात जेवायला बसणारा शहरी पाहुणा तो गिऱ्हाईक होऊ शकतो. पण त्याच पाहुण्याने पनीरची भाजी, तंदुरी रोटी आणि शेजवान भात मागितला, तर यजमान घोटी किंवा संगमनेरच्या बाजारातून सामान आणतो, पाहुण्याचे पैसे बाजारात जातात आणि खाचरातले भात खाचरातच मागे पडते. पाहुण्याच्या पसंतीवर एखादे वाण तगते किंवा नाहीसे होते.

पेयाचेही तसेच. गवती चहा घातलेला कोरा चहा, ताक, करवंदाचे सरबत हे येथील पाहुणचाराचे घोट. पाहुणा त्यावर समाधान मानील, तर ते घरच्या घरी होते. तो बाटलीबंद पाणी मागतो तेव्हा मागे बाटली उरते आणि ती उचलून नेण्याची व्यवस्था वाडीवर नसते. सर्वांत मोठा प्रश्न मात्र अंघोळीच्या पाण्याचा. काजव्यांचा हंगाम ऐन टंचाईत येतो. मेच्या अखेरीस मुक्कामी आलेल्या पाहुण्याला दोन बादल्या गरम पाणी हवे असते आणि त्या दोन बादल्या कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा टँकरमधून आलेल्या असतात.

मिळकत कोणाची?

तरीही पर्यटन नको असे येथील गावकरी म्हणत नाहीत. त्याला सबळ कारण आहे. एका पिकाच्या शेतीवर वर्ष निघत नाही. भातकापणी झाली, की अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर, नाशिकच्या द्राक्षबागांत, भाजीपाल्याच्या मळ्यांत ती आठवडेच्या आठवडे काढतात. मुलांची शाळा सुटते, म्हातारी माणसे वाडीवर एकटी राहतात. बाळहिरडा गोळा करून मिळणारे चार पैसे हा मधला आधार, पण तोही झाडाच्या आणि बाजारभावाच्या लहरीवर.

अशा वेळी दहा-पंधरा पाहुण्यांचे जेवण, एखादा तंबू, गडावरची वाटाडेगिरी यांतून घरबसल्या मिळणारा रोजगार स्थलांतर टाळू शकतो. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात, हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत, सांदण दरीजवळच्या साम्रदला हे घडताना दिसते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले, त्यामागेही शेतकऱ्याला शेतीबाहेरचे पूरक उत्पन्न मिळावे हाच विचार होता.

पण पर्यटकाने खर्च केलेला प्रत्येक रुपया गावात राहतोच असे नाही. शहरातील आयोजकाकडे आगाऊ पैसे भरून, शहरातूनच आलेल्या बसने, शहरातूनच आणलेल्या तंबूत राहणाऱ्या पर्यटकाकडून गावाला मिळते ती जागेची किरकोळ रक्कम आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा. याउलट गावातल्या घरी जेवणारा, गावातला वाटाड्या घेणारा, परतताना पाच किलो तांदूळ आणि पाव किलो खुरासणी विकत घेणारा पर्यटक कमी पैशांतही गावाला अधिक देऊन जातो. या दोघांचा खर्च सारखा असला, तरी त्याचे गावावरील परिणाम सारखे नसतात.

जगात काय चालले आहे?

गर्दीचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. जपानमधील फुजी पर्वतावर गिर्यारोहकांची रीघ इतकी वाढली, की २०२४ पासून यामानाशी बाजूच्या योशिदा वाटेवर दिवसाला चार हजारांची मर्यादा आणि दोन हजार येनचे शुल्क लागू झाले. २०२५ मध्ये ते शुल्क चार हजार येन करण्यात आले. इटलीतील व्हेनिस शहराने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली.

काजव्यांपुरते बोलायचे, तर अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एका लयीत चमकणाऱ्या काजव्यांच्या हंगामात वाहन परवान्यांची चक्क सोडत काढली जाते. सोडतीत नाव लागले नाही, तर पुढच्या वर्षी प्रयत्न करायचा. मलेशियातील सेलांगोर नदीकाठी काजवे पाहायला नेणाऱ्या नावा हाताने वल्हवल्या जातात. मेक्सिकोतील त्लाक्सकाला राज्याच्या जंगलात आढळणाऱ्या जातीच्या माद्यांना उडता येत नाही. त्यामुळे पाहुण्यांनी पायवाट सोडली, की त्या पायाखाली येण्याचा धोका असतो.

या सर्व उदाहरणांतून निघणारा धडा साधा आहे. येणाऱ्यांची संख्या, येण्याची वेळ आणि फिरण्याची वाट या तीन गोष्टी ठरवून दिल्याखेरीज निसर्ग पर्यटन टिकत नाही. भंडारदऱ्याचा परिसर हा १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. म्हणजे येथील प्रवेशावर कायद्याने नियंत्रण ठेवता येते. वन विभागाने अलीकडच्या वर्षांत काजव्यांच्या हंगामात नाक्यांवर प्रवेशशुल्क, रात्रीच्या वेळेचे बंधन असे उपाय योजलेही आहेत. परंतु नाक्यावर पावती फाडली म्हणजे गर्दी आटोक्यात आली असे होत नाही. एका रात्री किती वाहने आत सोडायची, याचा आकडा ठरून तो पाळला गेला, तरच त्या पावतीला अर्थ आहे. मोटारी शेंडीला थांबवून पुढचा प्रवास गावकऱ्यांच्या वाहनांतून करण्याची पद्धत बसवता आली, तर दिव्यांचे झोत कमी होतील आणि रोजगारही वाढेल.

केव्हा जावे, कसे जावे?

मुंबई आणि नाशिककडून येणाऱ्यांना घोटीहून बारीमार्गे, तर पुणे आणि नगरकडून येणाऱ्यांना संगमनेर, अकोले, राजूरमार्गे भंडारदरा गाठता येते. धरणालगतचे शेंडी हे मुक्कामाचे मुख्य गाव. जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. त्याचे कोरीव खांब आणि शेजारची पुष्करणी पाहण्यासाठी निवांत तास काढावा.

काजव्यांसाठी मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ. त्यातही चांदणे नसलेल्या आणि शनिवार-रविवार वगळून येणाऱ्या रात्री उत्तम. धबधब्यांसाठी जुलै, ऑगस्ट. रानफुलांसाठी आणि स्वच्छ आकाशासाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. नव्या तांदळासाठी दिवाळीनंतर. कळसूबाईच्या माथ्यावर नवरात्रात यात्रा भरते, तेव्हा हा डोंगर पर्यटनस्थळ होण्याआधी देवस्थान आहे, याची जाणीव होते.

सांदण दरी मात्र पावसाळ्यात सर्वस्वी टाळावी. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कडे आणि मध्ये काही ठिकाणी जेमतेम एक-दोन माणसे मावतील एवढी फट, अशी ही रचना आहे. वर डोंगरावर पाऊस झाला, की पाणी थेट या फटीत शिरते आणि आत असलेल्याला बाहेर पडायला जागा उरत नाही. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी धुक्यात उभे राहून छायाचित्र घेण्याचा मोहही असाच घातक. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या पावसात निसरड्या होतात. येथे स्थानिक वाटाड्याची फी वाचवणे परवडणारे नाही.

काजवे पाहताना पाळावयाचे नियम तर अगदी थोडे आहेत. मोटारीचे दिवे आणि इंजिन बंद करावे. विजेरी लावायचीच झाली, तर तिच्यावर लाल कागद बांधून जमिनीकडे धरावी. रस्ता सोडून झाडाखाली जाऊ नये. छायाचित्रासाठी झगझगीत फ्लॅश मारू नये, कारण त्या उजेडात काजवे टिपले जातच नाहीत. काजवे पकडून बाटलीत भरू नयेत. गाणी लावू नयेत. अंगाला डास पळवणारे मलम लावून झाडांना, गवताला हात लावू नये. आणि आपण आणलेला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा.

यांतील एकाही नियमाला पैसे पडत नाहीत, केवळ थोडा संयम लागतो. दिवे मालवून दहा मिनिटे शांत उभे राहिले, की डोळे काळोखाला सरावतात. मग आधी जे झाड काळे वाटत होते ते हळूहळू उजळू लागते आणि पलीकडच्या टेकडीवरचेही दिसू लागते. उजेड घेऊन आलेल्याला त्यातले निम्मेही दिसत नाही.

येथील हिरड्याच्या एका झाडावर गावकऱ्याचा बाळहिरडा पिकतो, त्याच झाडावर काजवे उतरतात आणि त्याच झाडाखाली पर्यटकाची मोटार उभी राहते. झाड राहिले, तर तिघांचेही भागेल. ते राखण्याचे काम आजवर डोंगरातील माणसांनी केले. यापुढे त्यात पाहुण्यालाही वाटा उचलावा लागणार आहे.